मिठाचा अंदाज

बावीस वर्षं मी मटणाचं मीठ तळहातावर चाखलं.
पळीतला थेंब, फुंकर, जीभ,
मग गोळीबार चौकातलं पहिलं गिऱ्हाईक.
आता तळहात पुढे होतो तो खुशालचा.
चाटून म्हणतो, ‘बरोबर आहे, काकू.’
त्याला सगळंच बरोबर असतं,
पगार सोडून.

मेयोतल्या वासनिक मॅडमनी
एकेक बोट दाबून पाहिलं,
मी बाजारात भेंडीचं टोक मोडून पाहते तसं.
गोळ्या चालूच ठेवायच्या, म्हणाल्या.
पण तीन महिने मटण, अंडी, दूध, दही, तूप
बंद करून पाहा.
काहींना फरक पडतो, काहींना नाही.
मी कोणत्यातली?
तेच तर पाहायचंय.

गुणवंत हसले नाहीत.
‘सावजीच्या बाईनं मटण सोडलं
हे चौकात सांगू नको,’ एवढंच बोलले,
आणि रात्री दह्याची वाटी
फ्रिजच्या पार आत ढकलून ठेवली.

मटण सुटलं.
दिवसभर त्याच्या वाफेत उभं राहिलं
की पोट तसंही वासानंच भरतं.
सुटेना तो चहा.
पाचचा अलार्म, बोटं लाकडाची,
आणि दोन्ही तळव्यांत धरलेला तो दाट, गरम कप.
सोयाचं दूध फाटलं.
शेंगदाण्याचं खाली बसलं.
शेवटी कोराच घेतला.
शेजारच्या सुगंधाबाई डोकावल्या,
‘काहून वं, कोणी गेलं का?’
‘हो,’ म्हटलं, ‘म्हैस.’

मॅडमच्या कागदावर खालून दुसरी ओळ :
जवस, रोज दोन चमचे.
वाचून मी मेयोच्या बाकावरच बसले.
माग विकून सासऱ्यांनी खानावळ टाकली
तेव्हा रस्सा जवसाच्या तेलातच व्हायचा.
महाग पडतं म्हणून मीच सोयाबीनचा डबा आणला,
आणि गिऱ्हाइकाला कळलं नाही
याचा मला आनंद झाला होता.
परवा इतवारीत तेच जवस पाहिलं.
बरणीत, दुप्पट भावानं,
वर धावणाऱ्या बाईचं चित्र.
घेतलं. करणार काय.

फळ्यावर मटण, खूर, कलेजी,
आणि अगदी कोपऱ्यात पाटोडी रस्सा.
चौघांच्या टेबलावर एक जण
हळू आवाजात मागतो ती.
त्या माणसाकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.
आता तीनला, बाकं पुसून झाली
की त्याच्या जागी मी बसते.
बेसनाची वडी, जवसाचं तेल, मसाला तोच.
डोळ्यांतून धार, नाक वाहतंय.
याला पथ्य म्हणतात, बाप्पा!

एकेचाळीस दिवस झाले.
नळ फिरवायला सकाळी उशीर लागतो,
पण पूर्वीइतका नाही, असं वाटतं.
थंडी संपली की दरवर्षीच बोटं सैलावतात.
गोळीही बदललीय.
मग श्रेय कोणाला द्यायचं,
जवसाला, फेब्रुवारीला, की त्या पांढऱ्या गोळीला?
प्राचीनं वही दिली, आई, लिहीत जा.
पहिल्या पानावर : परात एकटीनं उचलली.
दुसऱ्यावर : नाही.
तिसऱ्यापासून धन्या-मिरच्यांचा हिशेब आहे.

काल रात्री लग्नाची ऑर्डर, दीडशे माणूस,
आणि खुशाल गावाला.
गुणवंत झोपलेले, उठवावंसं वाटलं नाही.
पळी तळहातापर्यंत आली
आणि मी ती परत गंजात रिकामी केली.
तर्री कशी फाकते ते पाहिलं.
उकळीचा आवाज ऐकला, वाकून.
मग मिठाच्या डब्यात हात घातला.
मूठ वळली.
सगळी नाही, करंगळी बाहेरच राहिली,
तिच्या फटीतून थोडं सांडलं.

कमी झालं की जास्त,
उद्या वऱ्हाडी सांगतीलच.