तेरावा रकाना

यंगस्टाउनच्या वाचनालयात, छपाईयंत्राला लागून
माझं टेबल.
पानाला दहा सेंट.
कायद्याचा सल्ला द्यायचा नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद.
स्टेपलर द्यायला हरकत नाही.

व्हर्ना होवानेक फेब्रुवारीतले चारही मंगळवार आली,
लॉन्ड्रीला सुटी असते त्या दिवशी,
बुटांवरचं रस्त्याचं मीठ
दारातच झटकून.

दिवाळं काढायलाही पैसे लागतात
हे तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं.
तीनशे अडतीस डॉलर.
फी माफ व्हावी इतकी गरीब ती निघाली नाही,
एकदम भरता यावी इतकी तर नाहीच.
म्हणजे बुडणाऱ्याने आधी तिकीट काढायचं, म्हणाली,
आणि स्वतःच हसली,
मग पावतीचा कोपरा दुमडत बसली.

चार हप्ते पडले. चौऱ्याऐंशी डॉलर पन्नास सेंट,
दर वेळी मनीऑर्डर,
तिच्यावर दुकानदाराचा एक डॉलर.
तोही तिने वहीत मांडला.

कर्ज तिचं नव्हतं, सही तिची होती.
एमिलचा पिएरोगीचा ट्रक, पिवळा,
मागे दोन शेगड्या, दारावर आईचं नाव.
नुसती सही तर करायची आहे, व्हर्ना.
आता ट्रक बँकेच्या आवारात,
एमिल अ‍ॅरिझोनात कुठेतरी,
त्याचा फोन वाजतो, वाजतो, आणि एक बाई सांगते
की पेटी भरलेली आहे.

दुसऱ्या कर्जदाराचं नाव-पत्ता मागणारा एक तक्ता असतो.
नाव तिने लगेच लिहिलं.
पत्त्यापाशी बोटं थांबली.
आईच्या घराचा लिहिला तर चालेल?
तो तेवढाच पाठ आहे. घर पाडलं त्यांनी.
मी म्हणालो, मला सल्ला देता येत नाही.
म्हणालो, आणि उगाचच कागदांचा गठ्ठा सारखा केला.

मग मालमत्ता. आज विकली तर काय येईल, ते लिहा.
सोफा, चाळीस.
टीव्ही, पंचवीस.
बापाचा अ‍ॅकॉर्डियन, तीन सूर मुके, तीस.
अंगठी तिने बोटातून काढली, उजेडात धरली,
परत घातली, मग आकडा लिहिला.
तो मी पाहिला नाही.

तेराव्या रकान्यात पाळीव प्राणी.
दुश्को. वय चौदा, पाय तीन.
शून्य लिहिलं. छापलं. वाचलं.
कोट काढून पुन्हा संगणकाशी जाऊन बसली.
शून्याचे पाच केले.
त्याला वाचता येत नाही, म्हणाली,
मला येतं ना.
त्या एका पानाचे पुन्हा दहा सेंट,
नाणं बशीत आवाज न करता ठेवलं.

एप्रिलमध्ये सुनावणी, फोनच्या पडद्यावर.
मागची छोटी खोली मी उघडून दिली.
निळ्या ब्लाउजला इस्त्री, फक्त पडद्यात दिसेल तिथवर,
खाली लॉन्ड्रीची पँट.
शपथ. सही तुमचीच? सगळं लिहिलंत? काही राहिलं?
सहा मिनिटं.
शेवटी विश्वस्ताने चष्मा कपाळावर सरकवला,
कुत्रा, पाच डॉलर?
पाय तीन आहेत, साहेब.
तो खाली बघून काहीतरी खोडत राहिला.
बरं, म्हणाला. पुढचं कोण?

बाहेर आली ती सुटल्यासारखी नाही,
दवाखान्यातून आल्यासारखी.
अजून साठ दिवस, अजून दोन मनीऑर्डरी.
एखादं पुस्तक न्यावं म्हणते, जाडं.
तिचं जुनं कार्ड निघालं
आणि त्यावर चौदा वर्षांपूर्वीचा दंड,
दोन डॉलर वीस सेंट.

चेहरा उतरला तिचा.
हे मी लिहिलंच नाही हो.
आत्ताच शपथ घेतली मी.

मी पडदा माझ्याकडे वळवला.
सल्ला काही दिला नाही.
एक कळ दाबली, आणि विचारलं,
किती जाडं हवंय?