बिनकामाचं गिऱ्हाईक

ग्युम्रीत, काळ्या दगडांच्या गल्लीत
तीन पायऱ्या उतरून माझं दुकान.
चाळीस वर्षं टाचा ठोकतोय.
लोक येतात ते फाटकं घेऊनच येतात,
त्यात वावगं काही नाही,
धडका बूट चांभाराकडे कोण आणेल?
दार उघडतात, थंडी आत घेतात,
म्हणतात, मंगळवारपर्यंत हवा,
आणि पावती खिशात कोंबून चालू लागतात.
माझ्या तोंडाकडे बघायला सवड कुणाला?

मीही रविवारी चर्चमध्ये तसाच जायचो.
मेणबत्त्या मोजून घ्यायच्या.
ही वाझगेनसाठी,
क्रास्नोदारला विटा रचतो, फोन करत नाही.
ही हायकानुशच्या गुडघ्यासाठी.
ही छपरासाठी,
बर्फ उतरेपर्यंत तग धरू दे.
ओठांत धरलेले खिळे ठोकावेत तशा
एकामागून एक वाळूत रोवायच्या,
मान वर न करता.
आणि आमेन म्हणजे पावती.
प्रभू, मंगळवारपर्यंत.

सेरोब मात्र काहीच आणायचा नाही.
गिरणीतला जुना फिटर.
भूकंपात गिरणी गेली, त्याच सकाळी बायको.
कोपऱ्यातल्या खोक्यावर बसायचा,
शेगडीकडे पाय करून.
पहिल्या वर्षी मला राग यायचा,
केवढंसं दुकान, त्यात हा जागा अडवतो.
दुसऱ्या वर्षी त्याच्यापुरतं पाणी
किटलीत वाढवायला लागलो.
मग कधीतरी बोलणं सरलं.
मेणातून दोरा ओढल्याचा आवाज,
त्याचा घरघरता श्वास,
आणि काचेवर हळूहळू चढणारी वाफ.
निघताना दारात थांबून एखादं वाक्य टाकायचा,
उद्या पडेल बरं का बर्फ,
आणि जायचा.

गेल्या फेब्रुवारीत चार दिवस आला नाही.
धंद्याचं काही अडलं नाही,
गल्ला होता तेवढाच.
पण पायरीवर पाय वाजला की
माझी मान आपोआप वर व्हायची,
आणि दारात कुणाचा तरी बूट.
पाचव्या दिवशी आला, खोकत.
बस, म्हटलं,
आणि हातातलं काम खाली ठेवलं.

त्या रात्री, बापा, डोळ्याला डोळा लागला नाही.
आरीच्या टोकासारखं टोचत राहिलं,
तुझ्याही दुकानात
नुसतं बसायला कुणी येतं का?
माझा पाय वाजला की
तूही मान वर करतोस का,
आणि मी
बूट पुढे करतो?

गुरुवारी गेलो. एकही मेणबत्ती न घेता.
सुरुवात वाईटच गेली.
गोंदाचा वाढलेला भाव आठवला,
कुणाची तरी उधारी आठवली,
हातांना काय करावं ते कळेना,
गुडघ्यांवर ठेवले, पुन्हा उचलले.
एक बाई वाळलेलं मेण खरवडत होती.
आकाशवाणी वगैरे काही झाली नाही.
उजेड खिडकीवरून खांबावर सरकला
तेवढा वेळ मी बसलो होतो
आणि एकटा नव्हतो.
याहून जास्त मला सांगता येत नाही,
आणि कमी सांगितलं तर खोटं होईल.

आमच्याकडे वेदीला पाठ दाखवत नाहीत.
तिच्याकडे तोंड करून मागे मागे चालत
दारापर्यंत आलो
तेव्हा वाझगेन आठवला.
वाझगेन, म्हटलं.
पुढचं तुला माहीतच आहे.
सेरोब बर्फाचं बोलतो, तशाच आवाजात.

बाहेर आल्यावर मोजा ओला लागला.
वाकून बघतो तर
माझ्याच डाव्या बुटाचा टाका उसवलेला,
आणि इतका वेळ आत बसून
त्याचं अवाक्षर काढलं नव्हतं मी.