तेल होतं

कणकुंबीच्या चढाला भरमानं आरेक्स जॅम केली
आणि काजूच्या टेम्पोत आडवी घालून खानापूरला आणली.
"टूटी भरलेलं. आईशप्पत भरलेलं,
खरं बंद पडली बग."
मी म्हणालो, तेल भरणाऱ्याची गाडी जॅम होत नसते.
तो बोलला नाही.
मीही नाही. सात महिने.
मधल्या काळात तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत लागला,
गाडी गोठ्यात, भुश्शाच्या पोत्यांमागे.

होळीच्या सुट्टीत पहिल्यांदा प्लग काढला.
पांढरा. नुसता चुना. टोकाला ॲल्युमिनियमचा एक मणी.
भोकातून बॅटरी मारली,
पिस्टन अर्ध्यावर थांबलेला,
जायचं म्हणून उठला आणि उंबऱ्यातच राहिला तसा.

डिझेल ओतलं, वर वाटीभर खोबरेल.
तीन रात्री तसंच.
चौथ्या दिवशी जांभळीचा ठोकळा ठेवून हातोडी,
फार जोरात नाही, शेजाऱ्याचं दार वाजवतो तेवढीच.
पाचव्या ठोक्याला सरकला.
शेवंता न्हाणीच्या दारातून बघत होती.
"लोखंडाला तीन दिवस दिलासा,
भावाला तीन मिनिटं न्हाई."

सायलेन्सरच्या बाजूनं सिलिंडर नांगरलेला.
रिंगचा तुकडा खाचेत वितळून बसलेला.
मला जे बघायचं होतं तेच बघितलं
आणि इंजिन पोत्यात बांधून उद्यमबागेत गेलो.

बसलिंग मेस्त्रीनं चष्मा कपाळावर सरकवला,
खालच्या पोकळीत करंगळी फिरवली, वास घेतला.
"एण्णी इत्तरी."
तेल होतं.
मी म्हणालो, ते मी ओतलेलं डिझेल.
त्यानं माझ्या नाकाखाली करंगळी धरली.
मग कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग दाखवलं,
कुठं निळं पडलेलं नाही, नव्या नाण्यासारखं.
तेल नसतं तर आधी हे गेलं असतं.
"गाळी होक्कैति."
वारा शिरलाय.

कुठून, ते त्यानं विचारलं नाही.
कार्बोरेटरचं रबर त्यानं नुसतं माझ्या हातात दिलं.
चिरलेलं. चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी,
पट्टीवर बाइंडिंगची तार,
तारेला उलटा पीळ.

आमच्या घरात डावखुरा मी एकटाच.

खंडेनवमीच्या आदल्या रात्री, पूजेला गाडी चालू हवी म्हणून,
आणि नवं रबर अडीचशेचं म्हणून.
चढाला तापून पट्टी सुटली असणार,
पेट्रोल कमी, वारा जास्त,
आणि वर भरमा, टाकीत काठोकाठ तेल घेऊन.

मेस्त्रीनं बोअर मारला, होनिंग केलं.
सिलिंडरच्या आत बारीक फुल्ल्या फुल्ल्या,
नखाला लागतील इतक्याच.
घरी पिस्टन बंबाच्या कढत पाण्यात धरला
तेव्हा पिन हातानं आत गेली.
सर्क्लिप मात्र उडाली ती भुश्शात.
पोरीनं जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून
तासाभरानं शोधली, दहा रुपये घेतले.
गॅस्केट कापलं रेशनकार्डाच्या पुठ्ठ्यातून,
आम्ही एकत्र होतो तेव्हाचं, रद्द झालेलं,
त्याचं नाव मधल्या भोकात गेलं, माझं कडेला राहिलं.
रबर नवीन. पावती जपून ठेवलीय, का कोण जाणे.

बाराव्या किकला लागली.
गोठा निळा झाला, म्हैस खुंट्याला ओढ घेऊन उभी राहिली.
तसल्या धुरातच फोन लावला.

"भरमा, तेल होतं रे."

पलीकडे वखारीत कुणी तरी वजनं मोजत होतं,
बेचाळीस, त्रेचाळीस,
चव्वेचाळीस.
"वारा घेत होती," मी म्हणालो. "रबर माझं."
सत्तेचाळीसपर्यंत ऐकलं.

"बोअर कितीवर मारलास?"
"पॉइंट फिफ्टी."
"मग पाश्शे किलोमीटर चाळीसच्या वर न्हेऊ नको गा."

खानापूर ते निपाणी शंभर धरू.
चाळीसनं अडीच तास.
मध्ये दोनदा थांबून गार करावी लागेल.