नोंद चारशे बारा

कोशाची कचेरी सायनला, तिसऱ्या मजल्यावर.
पानसेबाईंनी चिठ्ठी ठेवली टेबलावर:
पक्षी, चिमणीएवढा, दक्षिण अमेरिका.
मराठी नाव नाही. सोमवारपर्यंत द्या.

मुंगीखाऊ, मी लिहिलं. सोपं होतं.
मग टिपण वाचलं आणि खोडलं.

तो मुंग्या खात नाही.
तिकडच्या रानात मुंग्यांची फौज निघते
पाचोळ्यावरून, सतरंजी उलगडत जावी तशी,
आणि तिच्यापुढे जे जे पळत सुटतं,
नाकतोडे, झुरळं, पोटाशी अंडी धरलेले कोळी,
त्यांना हा टिपतो.
जमिनीपासून वीतभर वर
उभ्या काडीला धरून बसलेला, मान किंचित कलती.
घाई नाही.
फौजेच्या वाटेत पाय मात्र ठेवत नाही.

अप्पांचं दुकान भायखळ्याला. जुनं फर्निचर.
चाळीला नोटीस लागली की ते तिसऱ्या दिवशी जात.
पहिल्या दिवशी लोक भांडतात, म्हणायचे,
दुसऱ्या दिवशी रडतात,
तिसऱ्या दिवशी विचारतात, काय द्याल.

शिसवी पलंग. सागवानी कपाट,
आरसा तडकलेला, म्हणून शंभर कमी.
एकदा पाळण्याच्या कड्या, नुसत्या कड्या,
पितळेच्या, किलोवर.

अप्पांनी कुणाचं घर पाडलं नाही.
आवाजसुद्धा कधी चढवला नाही.
छत्री काखेत, वही हातात,
जिन्याच्या तोंडाशी अंग चोरून उभे,
सामान उतरवणाऱ्यांना वाट देत.

माझी फी त्यातून, चष्मा त्यातून,
आणि हा शब्दकोश, पाठीला डिंक लावलेला,
ज्यावर मी तीस वर्षं पोट भरलं.
पहिल्या पानावर निळ्या शाईत:
कु. हेमांगी तोंडवळकर, इयत्ता आठवी ब.

टिपणात शेवटी एक ओळ आहे.
याच्या पाठीत पांढरा ठिपका असतो,
पिसांखाली झाकलेला, एरवी दिसत नाही,
चिडला किंवा घाबरला तरच.

ही हेमांगी कोण, मी विचारलं होतं, दहा वर्षांची असेन.
अप्पांनी छत्री उघडली,
घरात, भर उन्हाळ्यात,
काड्या एकेक चाचपून पाहिल्या,
मिटली, खुंटीला लावली.
जेवायला बसू या, म्हणाले.

फौजमाग्या. पळत्यांचा टिप्या. तिसऱ्या दिवसाचा.
सगळी लिहिली, सगळी खोडली.
रबराचा चुरा फुंकरीने उडवला
तर तो हेमांगीच्या पानावर जाऊन बसला.

सोमवारी मी दिलं: मुंगीसोबती.
सोबती छान आहे हो, पानसेबाई म्हणाल्या,
किती प्रेमळ.
मी पेन्सिलीने लिहिलं होतं.
त्यांनी शाईने गिरवलं.