साचा रिकामा होण्याआधी

माळ्यावर सतरावा दिवस.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ताट ठेवून
मालू चमच्यानं कठडा वाजवते नि मागं सरते.
मी आजारी नाही. मला आजारी पडायची परवानगी नाही,
एवढंच.

चार वर्षांमागं उद्यमबागेत शिबिर होतं.
चहा-बिस्किट मिळतंय म्हणून रांगेत राहिलो,
गालातून कापूस फिरवून घेतला, विसरलो.
आता फोनवरच्या बाई म्हणतात, जुळलं.
नाव विचारायचं नाही, गावही.
वय नऊ. एवढं पुरे.

मला ओतकामातलं तेवढं कळतं.
साचा तयार झाला की भट्टी विझून चालत नाही.
त्या पोराच्या हाडातला गर औषधानं जाळून
पार रिकामा करणार,
आणि नेमका त्या दिवशी मी खोकलो तर?
पोकळ साचा, रस नाही. रेती किती वेळ धरेल?
म्हणून यंदा उलटं करतोय, बाई म्हणाल्या,
तुमचं आधी काढून गोठवून ठेवणार,
पिशवी हातात आली की मगच त्याला हात लावणार.
लोखंडात हे जमत नाही. थंड झालेला रस म्हणजे भंगार.
खरं, रक्ताचं काय वेगळंच दिसतंय.

नवव्या दिवशी भरमाण्णा काका गेले.
कोरोनानं नाही, साध्या हार्टनं.
‘साध्या’ हे घरचे प्रत्येकाला दोनदा सांगत होते.
रेती मुठीत दाबून ओल ओळखायला
मला त्यांनीच शिकवलं:
मूठ उघडली की बोटांचे ठसे राहिले पाहिजेत.
आयनं जिन्याखालून हाक मारली, एकदाच.
मी खिडकीतून खांदेकरी मोजले.
तीन घरचे. चौथा दूधवाला कल्लाप्पा.
तिरडी राजहंसगडाच्या अंगाला वळेपर्यंत
गज धरून उभा राहिलो.
चुलतभाऊ अजून बोलत नाही.
कुणासाठी आला नाहीस, असं विचारलं तर
मला तरी कुठं ठाऊक, कुणासाठी?

संध्याकाळी शिवलीला सिस्टर येतात, वडगावातून, स्कूटीवर.
दारात उभ्या राहून प्लास्टिकचा झगा चढवतात,
दंडात सुई टोचून विचारतात, नोवु ऐति?
ऐति, म्हणतो.
तिसऱ्या सुईपासून कंबरेत ब्लोअर सुरू झालाय,
छातीच्या मधल्या हाडावर कोण घण घालतंय.
चांगलं आहे, माल तयार होतोय, त्या म्हणतात.
हसलं की जास्त दुखतं.
आज जाताना थांबल्या.
त्यांची सासू ऑक्सिजनवर आहे. आमच्याच कारखान्यातून
गेलेलं नळकांडं असेल कदाचित.
‘आठ दिवस झाले, भेटले नाही,’ म्हणाल्या.
‘तुमच्याकडं यायचं असतं ना.’
मग झगा उलटा करून पिशवीत कोंबला,
गाठ मारली, तिच्यावर आणखी एक.

उद्या पाच तास, दोन्ही हातांत सुया.
मग एक डबा निघेल,
कोगनोळी नाक्याकडं की धारवाडकडं, कळणार नाही.
नाक्यावर रिपोर्ट मागतील. डब्याचे कागद
माझ्यापेक्षा चोख आहेत.
पोराचा रक्तगट बदलून माझा होणार म्हणे.
एवढा मुलूख इकडचा तिकडं,
आयोग न बसता, कोर्टात तारीख न पडता!
हे काकांना सांगायला पाहिजे होतं.
तंबाखू थुंकून आधी हसले असते,
मग विचारलं असतं, पोरगं कसं आहे?

चमचा वाजला.
मालूची पावलं खाली जाईपर्यंत थांबतो,
ताट उचलतो, झाकण काढतो,
आणि हात धुवायच्या आधी, मीठ बघायच्या आधी,
नाक भातापाशी नेतो.

बासमती.
येतोय वास.
अजून येतोय.