लिहून देणार, लिहून घेणार

हिंगण्याच्या कंपनीनं निधी द्यायचं कबूल केलं, पण
स्वयंसेवकांशी करार हवा म्हणाली. लेखी. प्रत्येकाशी.
मी रविवारी बसून तीन पानं टाइप केली.
नवतपा सुरू होता, कूलर नुसताच आवाज करत होता
आणि मजकुरात जिथं तिथं 'सदर' येत होता.

सदर स्वयंसेवक संस्थेचा नोकर समजला जाणार नाही.
सदर स्वयंसेवक रुग्णास वा नातेवाइकास
बरे होण्याबाबत कोणतेही आश्वासन देणार नाही.
पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन
कोणत्याही पक्षास हा करार संपवता येईल.

सहा जणांनी न वाचता सह्या केल्या,
एकीनं तर तारखेच्या जागी.
चिंधुजी हेडाऊंनी चष्मा पुसला.
अकरा वर्षं मेडिकलच्या केसपेपर खिडकीशेजारी उभा माणूस,
सिरोंच्याहून, बालाघाटहून आलेल्यांना
नाव काय, गाव काय, कुठं दुखून राहिलं
विचारत फॉर्म भरून देणारा.
आधीची चाळीस वर्षं हातमागावर गेलेली.
त्यांचं बोट ओळीवरून सावकाश फिरलं,
तुटका धागा शोधतात तसं.

सापडला.

"मी काय काय करनार नाई ते बराबर लिवलं हाय.
तुमी काय देनार, ते कोन्या पानावर?"

मी पान उलटलं. पुन्हा उलटलं.

"खुर्ची लिवा," ते म्हणाले. "एक खुर्ची.
शिकुर्टीवाला रोज उचलून नेते."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
खरं लिहायचं तर, मी विचारलं नव्हतं.

कलम सहा: संस्था स्वयंसेवकास एक खुर्ची देईल.
खुर्ची संस्थेची राहील
आणि जागेवर राहील हेही संस्थेनेच पाहावे.

मग आश्वासनाच्या कलमावर अडलं.
"बाई इचारते, माहा पोरगा बरा होईन का जी?
तवा मी का बोलू? थे लिवा."
चहा आला, त्यावर साय धरली.
वकिलाला फोन करावा वाटलं, केला नाही.
"तुम्ही आजवर काय बोलत होता?"
"काई नाई. पानी देतो. तिचं पिनं होयेपर्यंत
दुसरं कोनी येते."
कलमाखाली पेनानं जोडलं: मात्र पाणी देऊ शकेल.
कंपनीच्या ऑडिटरनं त्यावर पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

या कागदाआधी आमच्याकडून कुणी जात नसे.
यायचं बंद होत असे.
रजिस्टरात नावापुढे दोन महिने कोरे दिसले
की आम्ही पट्टी लावून रेघ मारायचो.
कोण आजारी पडलं, कोण आमच्यावरच रुसलं,
शांतिनगरच्या उबगडेबाई कुठं गेल्या,
अजून माहीत नाही.

संत्र्यांचे ट्रक लागायला लागले त्या सुमाराला
चिंधुजी एक पाकीट घेऊन ऑफिसात आले.
पंधरा दिवसांची लेखी सूचना.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
"परवा आरमोरीच्या मानसाले आर्वी लिवलं.
दिवसभर थो आर्वीचा होऊन बसला."

पंधरा दिवस आम्हाला मिळाले.
त्यांनी कॉलेजातल्या स्नेहल बोकडेला शेजारी बसवून
कोणत्या खिडकीवरचा बाबू जेवणानंतर चिडतो,
कोणत्या वॉर्डाचा जिना चुकवतो,
आणि गावाचं नाव दोनदा विचारायचं, हे शिकवलं.

शेवटच्या दिवशी पाचपर्यंत बसले.
ओळखपत्र टेबलावर ठेवलं, पेन ठेवलं.
"पोच द्या."
मी लिहिली: एक ओळखपत्र, एक पेन, मिळाले.
पुढेही काही लिहायचं होतं; हात तिथंच थांबला.
म्हटलं, चिंधुजी, खुर्ची घेऊन जा घरी.

"थे संस्थेची," ते म्हणाले.
"कलम सहा वाचा जी."