अकरा जणी, किल्ल्याची बाग

गटाच्या वहीत ठराव होता : चैत्रात एकदा बागेत जाणे.
तीन चैत्र तो पुढं ढकलला.
यंदा तेंदूपान आलं नाही, कारखाना दोन दिवस बंद,
आणि घरात रिकामी सुपं बघवेनात.

विडी घरकुलापासून दोन रिक्षा.
रिक्षावाला म्हणाला, पाचाच्या वर नको, मावशी.
नरसम्मा म्हणाली, आम्हाला हजारावर मोजतात बे,
सहानं काय होतंय, चल.

फाटकाशी मी लिहिलं : अकरा गुणिले दहा.
बोल्लीबाईंच्या नातवाचं अर्धं लावायचं का,
यावर वाद झाला,
तोवर तो आत पळालेला.

आत कडुनिंब.
पायाखाली फुलांचा चुरा, रवा सांडल्यासारखा.
पाडव्याला पचडीत घालायला वाटीभर फुलं मिळेनात,
अन् इथं बघ, झाडून टाकूलालेत, अंबक्का म्हणाली
आणि तिनं पदर पसरला.
मग सगळ्यांनीच.
माळी शिट्टी वाजवत आला,
इतके पदर एकदम बघून
शिट्टी दातात धरून उभा राहिला.

करंजाला नवी पालवी, तेल लावल्यासारखी.
राजमणीनं एक पान उलटं केलं,
शीर बघितली, नखानं माप घेतलं.
दोन निघतील, म्हणाली.
कुणी हसलं नाही.
बदामाच्या पानापाशी मी सहावर आले होते.
कण्हेर सगळी छाटात.

कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.
कारंजं बंद, त्याच्या कठड्यावर बसून खाल्लं.
खाऊन झाल्यावर
हातांचं काय करायचं ते कुणाला कळेना.
सुगुणानं गवत उपटलं.
नरसम्माची बोटं मांडीवर चालू होती,
पान नाही, तंबाखू नाही, सूत नाही,
नुसती वळत होती.
मी मोजत होते. बाविसाव्याला तिनं माझ्याकडं बघितलं
आणि हात पदराखाली घेतला.

मोगऱ्याच्या वाफ्याशी अंबक्का विचारते,
वास येतोय का गं तुम्हाला?
येतोय, येतोय, म्हणालो सगळ्या.
माझ्या नाकात तीस वर्षांचा जर्दा,
मी पण म्हणाले येतोय.

झोक्याजवळ पाटी : बारा वर्षांखालील मुलांसाठी.
बोल्लीबाईंना वाचता येत नाही,
आम्हाला त्या दिवशी येत नव्हतं.
साखळी करकरली, साडीचा घोळ भुईला लागला,
नातू मागून ढकलत होता
आणि त्या तेलुगूत कुणाला तरी शिव्या देत होत्या,
चाळीस वर्षांपूर्वीच्या माणसाला असाव्यात.

परतताना एकच रिक्षा मिळाली.
उरलेल्या तळ्याच्या कडेनं चालत आलो,
पदरातली फुलं सांडू नयेत म्हणून
म्हाताऱ्यांसारख्या, हळू.

परवा पान आलं.
राजमणीच्या सुपात एका कोपऱ्यात
कडुनिंबाची फुलं वाळत पडलेली.
काढ की ती, तंबाखूत मिसळतील, मी म्हणाले.
राहू दे एवढा कोपरा, म्हणाली,
आणि वळायला लागली.

हिशेबात चाळीस रुपये कमी आहेत.
पुढच्या बैठकीत विचारतील.